नकल्याला न जमलेली गोष्ट

तो आला तोच मुळी तिच्या वायरीत पाय अडकवून.

हातात छातीएवढी स्क्रीन, गळ्यात हेडफोन, दातांत बसचं तिकीट धरलेलं. अशा थाटात तो उंच मुलगा टेबलांच्या रांगेतून आडवा चालत आला आणि रुनाच्या पायाजवळची वायर घेऊनच पुढे गेला. तिचा कॉम्प्युटर एक सुस्कारा टाकून गप्प झाला. ती काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"मी नाही केलं," तो तिकीट दातांत धरूनच म्हणाला. मग पायाकडे बघितलं. "म्हणजे... मीच केलं. पण पायानं केलं, मी नाही."

रुनाला हसू आलं. पण अनोळखी माणसांशी ती बोलतच नसे.

ईस्टरची सुट्टी होती. निम्मा देश स्की खांद्यावर टाकून डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघून गेला होता आणि उरलेली तरुण पोरं आपापले कॉम्प्युटर उचलून ओस्टविकच्या क्रीडा-हॉलमध्ये एकत्र खेळ खेळायला जमली होती, दरवर्षीसारखीच. बाहेर लख्ख ऊन, तळ्यावरचा बर्फ आरशासारखा चमकतोय. आणि आत या शहाण्यांनी खिडक्यांना काळं प्लॅस्टिक चिकटवून मिट्ट काळोख करून घेतलेला. भुताचे खेळ उजेडात खेळायचे नसतात, एवढी अक्कल त्यांना होती.

"मी आस्लाक," वायर परत जोडत तो टेबलाखालून म्हणाला. "लांबून आलोय, पार उत्तरेहून, वाडसोहून. तिथं माझ्या बाबांची बोट आहे, खेकडे धरतो आम्ही. माझा जोडीदार यायचा होता, पण त्यानं काल स्कीवर पाय मोडून घेतला. ईस्टरला कोणीतरी पाय मोडतोच, पण यानं माझाच मुहूर्त धरावा? उद्या सराव, परवा जोड्यांची स्पर्धा, आणि मी एकटा. तू 'मुकी खाण' खेळतेस?"

रुनानं मान डोलावली.

"चांगली खेळतेस?"

तिनं खांदे उडवले. खरं तर ती फार चांगली खेळायची.

'मुकी खाण' हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. चांदीच्या एका जुन्या, पडीक खाणीत उतरायचं, आत हरवलेले दिवे शोधायचे आणि लिफ्टच्या पिंजऱ्यात बसून जिवंत वर यायचं. जोडीदार जवळ असला तर त्याचा आवाज जवळून येतो, लांब गेला की विरत विरत नाहीसा होतो, अगदी खऱ्या बोगद्यात येईल तसा. आणि त्या बोगद्यांत नकल्या असतो. नकल्या दिसत नाही, ऐकतो. तुम्ही जे बोलाल ते उचलतो, आणि मग अंधारातून तुमच्याच आवाजात तुमच्या जोडीदाराला हाक मारतो. त्याला स्वतःचा असा एक शब्द येत नाही. तुम्ही म्हणालात तेवढंच तो म्हणतो... पण म्हणतो हुबेहूब. भलेभले त्या हाकेला भुलून त्याच्या मिठीत जाऊन पडायचे.

रुना कधीच भुलली नव्हती, कारण ती माईक बंद ठेवून खेळायची. तिचा एक शब्द नकल्याच्या हाती लागला नव्हता.

"स्पर्धेत माईक चालू ठेवावा लागतो, माहीत आहे ना?" आस्लाक म्हणाला. "तसा नियमच आहे. माझी अडचण अशी की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. नकल्याकडे माझ्या आवाजाचं दुकानच आहे. माझे सगळे जोडीदार माझ्याच हाकेनं मेलेत. तू कशी आहेस? बोलकी?"

रुनानं कीबोर्ड ओढला आणि स्क्रीनवर टाईप केलं: मी अडखळते. लहानपणापासून.

त्यानं वाचलं. ती वाट बघत होती, त्या ठरलेल्या चेहऱ्याची. लोकांचा चेहरा अशा वेळी मऊ होतो, मान तिरकी होते.

"बरं," तो म्हणाला. "मी थांबतच नाही आणि तू थांबतेस. दोघांचं मिळून सरासरी बरं पडेल."

*

सगळे तिच्यावर माया करायचे, तिथंच तर घोडं अडलं होतं. हॉलच्या दाराशी पालकांनी चालवलेल्या खानपानाच्या टेबलामागे तिची आई, गुरो, वाफल भाजत उभी असायची. रुनानं "मला ची—" म्हणायचा अवकाश, आई "चीज, तपकिरी, पातळ कापून, दिलं" म्हणून मोकळी. मैत्रिणीही तशाच. वाक्याची सुरुवात रुनाची आणि शेवट दुसऱ्या कुणाचा तरी. प्रेमानंच करायचे बिचारे. पण एकोणीस वर्षांच्या आयुष्यात आपलं स्वतःचं वाक्य आपणच संपवल्याचं रुनाला क्वचितच आठवत होतं. म्हणून तिनं बोलणंच सोडून दिलं होतं. उगाच लोकांना कशाला त्रास?

दुसऱ्या दिवशी सरावात तिनं पहिल्यांदाच माईक चालू केला.

"मी पुढे जातो," कानात आस्लाकचा आवाज. "तू मागून ये. घाबरलीस तर सांग. मी घाबरलो तर मी सांगतोच, त्याची काळजी नको."

दोघं उतरले. भिंतींवरून पाणी ठिबकत होतं. एका वळणावर तिला दिवा दिसला, डाव्या हाताच्या बोळात. आता सांगायलाच हवं होतं.

"डा... डा-डावीकडे..."

तो गप्प राहिला. तो, ज्याच्या जिभेला विसावा ठाऊक नव्हता. ती थांबली, तो थांबला. खेळातला त्याचा दिवा जागच्या जागी हलका हलत राहिला.

"...डावीकडे दि-दिवा आहे."

"वा," आस्लाक म्हणाला. "गेलो."

आणि तेवढ्यात, मागच्या अंधारातून, तिच्याच आवाजात, तिच्याच त्या अडकलेल्या श्वासासकट — "डा... डा-डावीकडे..."

स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता रुनानं. भुताच्या तोंडून तर नाहीच. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि सरळ चालत हॉलच्या बाहेर निघून गेली.

दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन लागलं होतं. बाकावर कुणीतरी रेनडिअरचं कातडं टाकून ठेवलं होतं, त्यावर ती पाठ टेकून बसली. थोड्या वेळानं आस्लाक आला, दोन्ही खिशांत एकेक संत्रं घेऊन. बसला. संत्रं सोलायला लागला. त्याचा वास थंड हवेत पसरला.

तो काही विचारेना, तेव्हा तीच म्हणाली, "तो मा... माझी टर उडवतो."

"तो सगळ्यांची उडवतो. माझं तर शिंकणं पण उचललंय त्यानं."

"उद्या मो-मोठ्या पडद्यावर दा... दा..."

तो संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे काढत बसला. अगदी सावकाश, जणू जगात तेवढं एकच काम उरलं होतं. छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून टपटपत होता. रुना त्याच्या बोटांकडे बघत होती. आता तो 'दाखवतील' म्हणेल... आता म्हणेल...

"...दाखवतील," तीच म्हणाली. "सगळ्या हॉलला ऐ-ऐकू जाईल."

"जाईल," तो म्हणाला, आणि फोड तिच्या हातावर ठेवली.

"तू म-मधे बोलत नाहीस."

"कशाला बोलू? वाक्य तुझं आहे. मला काय माहीत पुढे काय येणार? 'दाखवतील' असेल, नाहीतर 'दात पाडीन' असेल."

ती इतकी हसली की संत्र्याचा रस हनुवटीवर आला. त्यानं स्वतःच्या बाहीनं तो पुसायला हात पुढे केला... आणि अर्ध्यातच थांबला. दोघांनी एकदम तळ्याकडे बघितलं.

"रविवारी जायचंय मला," तो एकदम म्हणाला. "दुपारची बस. मग विमान. मग आणखी एक विमान. तिकडे गेलं की बोटीवर, महिनोन् महिने." आणि लगेच सावरून, "तर मॅडम, उद्या येणार की मी एकटाच मरू?"

रुनाला तेव्हाच कळलं की तिला याच्याशी बोलायचं आहे. खेळापुरतं नव्हे. रविवारची बस सुटायच्या आत तिला एक वाक्य, तिचं स्वतःचं, याला ऐकवायचं होतं. ते वाक्य कुठलं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या नुसत्या विचारानंच तिची जीभ टाळ्याला चिकटली.

"ये-येणार," ती म्हणाली.

*

स्पर्धेत जोडीदारांना हॉलच्या दोन टोकांना बसवतात. एकमेकांना खऱ्या कानांनी ऐकू येऊ नये म्हणून. कानांवर हॉलचा आवाज आत न सोडणारे जाड हेडफोन, आणि पाठ पडद्याकडे. मधल्या मोठ्या पडद्यावर एका खेळाडूची खाण दिसते आणि त्याला जे ऐकू येतं तेच कर्ण्यांतून येतं. चिठ्ठी निघाली ती रुनाची. म्हणजे ती जे ऐकेल ते सगळा हॉल ऐकणार.

पहिल्या लोखंडी दाराशीच तिला बोलावं लागलं. आस्लाक पलीकडे गेला होता, कडी त्याच्या बाजूला.

"आ... आ-आस्लाक, दार उघड."

हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं, मग कुणीतरी त्याला गप्प केलं. दार उघडलं. पुढे बोगद्याला दोन फाटे होते. "मी खालचा दिवा आणतो, तू वरचा आण," आस्लाक म्हणाला. "पिंजऱ्याशी भेटू. मेलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी." त्याचा आवाज लांब लांब गेला, विरला, आणि रुना एकटी राहिली.

वरचा दिवा तिला सापडला. ती परत फिरली, भिंतीला हात लावत. आणि पुढच्या काळोखातून हाक आली.

"रुना, इकडे ये. दिवा मिळाला."

आस्लाकचाच आवाज. तसाच उतावीळ. पण काल बाकावरून परतल्यावर केलेल्या सरावातही तो अगदी याच सुरात हे म्हणाला होता. रुना कोनाड्यात शिरली आणि श्वास रोखून उभी राहिली. नकल्या होता. जड पावलं जवळ येत होती. आणि मग, अगदी कानाशी, हळू, थकलेल्या आवाजात, माणूस स्वतःशीच बोलतो तसं —

"उद्या बसमध्ये बसशील... आणि हिला काही न सांगता जाशील. गाढव आहेस, आस्लाक. हिचं एक वाक्य पुरं व्हायची मी वर्षभर वाट बघेन, एवढं सांगायला काय होतं तुला? एवढी टकळी चालते एरवी..."

सगळा हॉल चिडीचूप झाला. वाफलच्या टेबलाशी गुरोच्या हातातली पळी तशीच वर राहिली.

रुनाच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. नकल्याला स्वतःचा शब्द येत नाही. नकल्या मनचं काही सांगूच शकत नाही. म्हणजे खाली, त्या खालच्या बोगद्यात, कुणी ऐकत नाही असं समजून आस्लाक हे बोलला होता, माईक चालू आहे हे विसरून. भुताच्या खेळात मन मोकळं करण्याचा गाढवपणा तोच करू जाणे. आणि ते भूत ते शब्द उचलून, एवढा काळोख तुडवून, तिच्या कानापर्यंत घेऊन आलं होतं. तिला मारायला आलं होतं ते. पण तिला वाटलं, एवढं सुंदर काही आजवर कुणी आपल्याला आणून दिलं नाही. ती कोनाड्यात उभी राहून ऐकत होती, कानांत प्राण आणून. नकल्यानं ते पुन्हा म्हटलं. पुन्हा. मग पावलं पुढे निघून गेली.

ती धावत सुटली.

पिंजरा दिसला. आत आस्लाक, त्याचा दिवा जाळीतून लुकलुकतोय. पिंजऱ्याला दोन दारं होती, डावं आणि उजवं, आणि दोन्ही आतूनच उघडत. बाहेर धूर असा की आतल्याला काही दिसू नये. चुकीचं दार उघडलं तर दोघंही संपले. रुना उजव्या दाराशी पोचली. आणि त्याच वेळी डाव्या दाराशी जड पावलं थांबली.

"आस्लाक," ती म्हणाली, "दा-दा-दार उघड."

"आ... आ-आस्लाक, दार उघड," डाव्या दारातून आलं. तिचाच आवाज. तोच अडकलेला श्वास.

"अरे बाप रे," आत आस्लाक पुटपुटला. हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचाही आवाज नव्हता.

"पुन्हा बोला," तो म्हणाला. "दोघीही. सावकाश."

"आ... आ-आस्लाक, दार उघड."

"आस्लाक," रुना म्हणाली. तिला माहीत होतं, सगळा हॉल ऐकतोय. ऐकू दे. "आस्लाक, दार उ... उ-उघड."

क्षणभर काही झालं नाही. मग उजव्या दाराची कडी खटकन पडली आणि आतला उजेड तिच्या अंगावर आला. डाव्या जाळीवर नकल्या धडकत राहिला, तिच्या आवाजात आर्जवं करत. पिंजरा वर निघाला होता.

हॉलमध्ये एकच कल्लोळ झाला. दुसरी एक जोडी त्यांच्याहून लवकर वर आली होती, म्हणून पहिलं बक्षीस हुकलं. पण त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आस्लाक टेबलांवरून, पिशव्यांवरून उड्या मारत तिच्यापाशी आला. या वेळी कुणाच्या वायरी गेल्या ते त्यानं पाहिलंही नाही.

"तुला क-कसं कळलं?" तिनं विचारलं.

"सोपं होतं. तू दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतेस," धापा टाकत तो म्हणाला. "एकदा नावाशी अडलीस, एकदा दाराशी, एकदा 'उघड'शी. तो बिचारा सारखा एकाच जागी अडत होता. तुझं अडखळणं शिकलंय त्यानं, पण... तुझं कसं, कुठं अडशील याचा नेम नाही. तुझं जिवंत आहे."

रुना त्याच्याकडे बघतच राहिली. जन्मभर ती जे लपवत आली, ते यानं इतकं नीट ऐकलं होतं? त्याच खुणेनं ओळखलं होतं तिला, एवढ्या काळोखात?

तेवढ्यात आई वाफलची बशी घेऊन आली. "आई, मला ची—" रुना म्हणाली. गुरोचं तोंड उघडलं. आणि मिटलं. ओठ घट्ट दाबून, डोळे भरून, ती उभी राहिली.

"...चीज नको," रुना म्हणाली. "आज जॅम दे."

"इतकी वर्षं मी चीज देत आले," गुरो आस्लाककडे बघत म्हणाली, जणू त्यानंच तिचं काही चोरलं होतं. आणि जॅम आणायला गेली.

*

रविवारी दोघं बसथांब्यावर उभे होते. त्याच्या हातात ती छातीएवढी स्क्रीन, पायाशी पिशवी. तळ्याच्या काठचा बर्फ काळा पडून तडकायला लागला होता. आस्लाक विमानाबद्दल बोलत होता, बोटीबद्दल, खेकड्यांबद्दल. सगळ्याबद्दल बोलत होता. त्याला अजून ठाऊकच नव्हतं. काल कुणी त्याला सांगितलं नव्हतं; हॉलमधल्या झाडून सगळ्यांनी ते रुनासाठी राखून ठेवलं होतं.

"आस्लाक," ती म्हणाली. "न-नकल्या मला भेटला होता. वरच्या बोगद्यात. तुझ्या आवाजात बो-बोलला."

"माझं दुकान आहे म्हटलं ना. काय म्हणाला?"

"की तू गा-गाढव आहेस."

तो हसला. मग हसू ओसरलं. मग त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. "आणखी काय म्हणाला?"

"स-सगळंच."

"तू एकटीनंच ऐकलं ना?"

"हॉलनं. आईनं पण."

आस्लाकनं डोळे मिटून कपाळ स्क्रीनला टेकवलं. वळणावर बस दिसायला लागली होती.

"पण ते जु-जुनं झालं," रुना म्हणाली. "नकल्याला जुनंच ये-येतं. तू नवीन बोल."

त्यानं तोंड उघडलं. "मला..." तो म्हणाला.

आणि अडला. एवढा बोलका मुलगा, शब्दच सापडेना त्याला. "मला... म्हणजे... मला तू..." बस येऊन थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरनं दोघांकडे बघितलं. रुनाला त्याचं वाक्य कधीच कळलं होतं. शेवटचा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, तिनं म्हटला असता तर तो सुटला असता. पण तिनं नाही म्हटला. त्याच्या बाहीवर हात ठेवला आणि उभी राहिली. वाक्य त्याचं होतं.

"...मला तू आवडतेस, रुना," तो म्हणाला. "फार. कुणी कुणाला आवडावं त्याहून फार."

तिनं श्वास घेतला. परवापासून जपून ठेवलेलं ते वाक्य. "म... म-मला पण तू आ-आवडतोस."

वाऱ्यावर ते वाक्य पुरं झालं. कुणी मधे बोललं नाही.

"खात्री पटली," आस्लाक हलकेच म्हणाला. "खरी तूच आहेस."

तो वाकला, आणि संत्र्याचा वास आला, आणि ड्रायव्हरनं शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं. मग आस्लाकनं ती अवजड स्क्रीन तिच्या हातांत ठेवली.

"ही राहू दे तुझ्याकडे."

"अरे, तू कशावर खे-खेळशील?"

"नाही खेळणार. फोनवर तुझं ऐकत बसेन. खेकड्यांचा हंगाम संपला की न्यायला येतो."

"स्क्रीन?"

"हो ना," तो पायरीवर चढत म्हणाला, कानांपर्यंत लाल. "स्क्रीनच."

बस तळ्याच्या कडेकडेनं लहान होत गेली. रुना ती स्क्रीन छातीशी धरून घरी निघाली. पुढचं धड दिसत नव्हतं, दोनदा बर्फावरून घसरलीही ती. आणि वाटेत भेटेल त्याला, पाववाल्याला, कुत्रा फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला, ती आपणहून "न-नमस्कार" म्हणत होती, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत.